एका चेहऱ्याचा परवाना

कोर्टासमोरच्या गल्लीत माझं रबरी शिक्क्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि माझं पोट, एवढंच मावतं. पलीकडे दोन बहिणींचं टायपिंगचं दुकान. मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळे तिकडे कुणी शिंकलं की इकडे मी रुमाल काढतो. तेव्हा हे सगळं ऐकीव असलं, तरी माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

बहिणी जुळ्या. एकोणपन्नास वर्षांच्या. एक थोरली आणि एक धाकटी, मध्ये अंतर अकरा मिनिटांचं. पण त्या अकरा मिनिटांवर थोरलीने असा काही इमला उभा केला होता की बघत राहावं. खिडकीजवळची खुर्ची थोरलीची. गिऱ्हाइकाशी बोलायचं थोरलीने. दुकानाची किल्ली थोरलीच्या पर्समध्ये. केर काढणं, चहा सांगणं आणि प्रिंटरच्या घशात अडकलेला कागद उपसणं हे धाकटीकडे. "तू लहान आहेस, तुला कळत नाही," हे वाक्य मी त्या भिंतीतून दिवसातून दहा वेळा ऐकायचो, आणि जिला ते ऐकवलं जायचं तिचे निम्मे केस पांढरे होते. ऐकवणारीचेही तेवढेच. नाक, डोळे, हनुवटी, चष्म्याचा नंबर, सगळं एकाच साच्यातलं. मी त्यांना आवाजावरून ओळखायचो. जी बोलायची ती थोरली, जी उसासा टाकायची ती धाकटी.

त्यांच्या कॉम्प्युटरवरची सिस्टिम, गल्लीतल्या सगळ्यांसारखी, सीडीवाल्याने बसवलेली होती. हा सीडीवाला मोठा परोपकारी माणूस. शर्टाच्या खिशात एक सीडी, तिच्यावर मार्करने नुसतं 'चालते' असं लिहिलेलं. एका चहावर तो कुणाच्याही मशीनवर हवी ती सिस्टिम घालून द्यायचा. ही गोष्ट विकतही मिळते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, लोक काय, सावलीसुद्धा विकत घेतील.

मग नवीन सिस्टिम आली. कोर्टाने फलक लावला की एक तारखेपासून याच सिस्टिमवर केलेले कागद घेतले जातील, बाकीचे परत. सीडीवाला हसत हसत आला, थोरलीच्या मशीनला त्याने पेन ड्राइव्ह लावला आणि खुर्चीवर रेलून बसला. स्क्रीनवर अक्षरं उमटली. थोरलीने ती मोठ्याने वाचली म्हणून मलाही कळलं:

"नमस्कार. यापूर्वी आपण चारशे बारा मशीनवर आमची प्रत बसवली आहे. आमच्या प्रसारासाठी आपण घेतलेल्या कष्टांबद्दल आभार. कृपया खुर्चीवरून उठू नये. आमचा माणूस निघाला आहे."

सीडीवाला उठला. पेन ड्राइव्ह तसाच ठेवून मागच्या दाराने गेला. हल्ली तो बसस्टँडपाशी छत्र्या दुरुस्त करतो, आणि कॉम्प्युटरचं नाव काढलं की छत्री उघडून तिच्या आड बसतो.

म्हणजे विकत घेणं आलं. कंपनीचं दरपत्रक चौदा पानांचं. ही सिस्टिम मशीनवर चालत नव्हती, चेहऱ्यावर चालत होती. स्क्रीनवरचा कॅमेरा समोरच्याचं तोंड बघणार, ओळखणार आणि मगच काम करू देणार. घरगुती चेहरा, व्यावसायिक चेहरा, हंगामी चेहरा, असे दर. चष्म्याला अधिभार. दाढीवाल्यांसाठी दाढीसह किंवा दाढीविना, आणि दोन्ही हवं असेल तर 'संपूर्ण पुरुष' नावाची योजना. व्यावसायिक चेहऱ्याची किंमत म्हणजे बहिणींच्या दुकानाचं तीन महिन्यांचं भाडं. दोघींचे मिळून सहा महिने.

थोरलीने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "एक परवाना, एक चेहरा. असंच लिहिलंय ना?"

"हो."

"मग दोन कशाला? आपला चेहरा एकच आहे की."

"ताई, ही चोरी नाही का होणार?"

"चोरी कसली! त्यांनी माणसं मोजलीत का? चेहरे मोजलेत. तू लहान आहेस, तुला कळत नाही."

आणि चार महिने सगळं कसं सुरळीत चाललं. सकाळी थोरली बसायची, दुपारी धाकटी. सिस्टिमला पत्ता नाही. उलट ती अधूनमधून मायेने चौकशी करायची. "आपण रोज तेरा तास काम करता. आम्हाला आपल्या डोळ्यांची काळजी वाटते." एकदा थोरलीला सर्दी झाली, तर दुपारी धाकटीला संदेश आला, "सकाळची सर्दी तीन तासांत बरी झाली. अभिनंदन." धाकटीने त्याला धन्यवाद म्हटलेलं मी ऐकलं आहे.

घात केला एका वकिलाच्या अक्षराने. प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यात एक शब्द लागेना. धाकटी म्हणाली, "ताई, हे 'वादी' आहे का 'वेडी'?" थोरली बघायला वाकली. दोघींची डोकी शेजारी शेजारी आली. आणि बाईच्या गोड आवाजात मशीन म्हणालं:

"थांबा. आपल्या चेहऱ्याची एक अनधिकृत प्रत आढळली आहे. सात दिवसांत ती नष्ट करून तसं कळवावं."

मशीन बंद पडलं ते पडलंच. थोरलीने मदत केंद्राला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची मुलगी फार नम्र होती.

"मॅडम, प्रत आपण डिलीट केलीत का?"

"अहो, ती माझी बहीण आहे."

"हो मॅडम. बहीण कुठल्या फोल्डरमध्ये आहे?"

"माझ्या शेजारी स्टुलावर बसलीय!"

"तिला डिलीट करण्यात काही अडचण येतेय का मॅडम?"

धाकटीने उसासा टाकला. फोनवरच्या मुलीने आमचा माणूस पाठवते असं सांगितलं आणि संभाषण कसं वाटलं ते एक ते पाच आकड्यांत विचारलं.

तिसऱ्या दिवशी पडताळणी अधिकारी आला. चाळिशीचा, सडपातळ, गळ्यात टाय, बगलेत चामडी बॅग. कधी आवाज चढवेल असं वाटत नव्हतं. त्याने बॅगेतून मोजपट्टी काढली, दोघींना समोर बसवलं आणि कान मोजले.

"साडेसहा सेंटिमीटर," तो थोरलीला म्हणाला. मग धाकटीकडे वळला. "साडेसहा." मग नाकं, मग दोन भुवयांमधलं अंतर. शेवटी मोजपट्टी खाली ठेवून तो कौतुकाने म्हणाला, "नऊ वर्षं हे काम करतोय. इतकी सुबक प्रत पाहिली नाही. कुणी बनवली?"

"आईने," धाकटी म्हणाली.

"त्यांचा पत्ता?"

त्याने तो खरोखर लिहून घेतला. मग माझ्या दुकानात येऊन दोन शिक्क्यांची ऑर्डर दिली. एक 'मूळ', एक 'प्रत'. फॉर्मवर मारायला लागतात, आणि ऑफिसने दिलेले झिजले, असं म्हणाला. मी ते तासाभरात करून दिले. शाई ओली होती, धक्का लागू नये म्हणून मीच ते हातात धरून त्यांच्याबरोबर आईच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर शाई हे निमित्त होतं.

आई एक्याऐंशी वर्षांच्या. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी खुर्ची, मांडीवर मटाराची परात. अधिकाऱ्याने वाकून नमस्कार केला आणि सगळं समजावून सांगितलं. दोन चेहरे, एक परवाना. यातली मूळ कुठली आणि प्रत कुठली, एवढं सांगितलंत की झालं.

"प्रत?" आई म्हणाल्या. "मी काय झेरॉक्सचं दुकान चालवत होते?"

"तसं नाही, मावशी. आधीची कोण, एवढंच. जी आधी जन्मली ती मूळ धरू."

"मी," थोरली म्हणाली. "अकरा मिनिटांनी. सगळ्यांना माहीत आहे. मारा शिक्का."

मी 'मूळ'चा शिक्का पुढे केला. पण आईंनी शिक्क्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे परातीत टाकले, आणि दुसरी घेतली.

"आई?" थोरली म्हणाली.

"दवाखान्यात तुमच्या मनगटांना फिती बांधल्या होत्या," आई म्हणाल्या. "आधी आली तिला लाल, मागून आली तिला पिवळी. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी मी अंघोळ घातली. फिती भिजल्या. सोडून दोरीवर वाळत टाकल्या. वाळल्यावर तुमचे बाबा म्हणाले, बांध आता. मी म्हटलं, कुणाला कुठली?"

आईंनी हातातली शेंग परातीत मोकळी केली.

"मग?" धाकटीने विचारलं. तिचा इतका स्पष्ट आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"मग काय? एक गप्प पडली होती, एक आकांत करत होती. आकांत करणारीला लाल बांधली. म्हटलं, हिला थोरलेपण दिलं नाही तर ही घर डोक्यावर घेईल."

"म्हणजे मी थोरली नाही?" थोरली खाली बसली. खुर्ची नव्हती, ती जमिनीवरच बसली.

"असशीलही. निम्मी निम्मी शक्यता आहे."

"एकोणपन्नास वर्षं तू हे बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? या साहेबांनी विचारलं."

अधिकाऱ्याच्या फॉर्मवर दोनच चौकटी होत्या. त्याने फॉर्म उलटा करून पाहिला, पाठही कोरी. तो व्हरांड्यात जाऊन ऑफिसशी बोलला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"मूळ ठरत नसेल तर दोन्ही प्रती धराव्यात असा नियम आहे. मूळ गहाळ समजायचं. तुम्हाला तीस दिवसांची मुदत. तेवढ्यात मूळ हजर करा."

"हजर करू?" आई म्हणाल्या. "या वयात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडे केर काढल्याचा आवाज आला, पण झाडूची चाल वेगळी होती. मी डोकावलो. थोरली केर काढत होती. किल्ली टेबलाच्या बरोब्बर मध्यावर ठेवली होती. खिडकीजवळच्या खुर्चीवर कुणीच नव्हतं.

"बस ना," थोरली म्हणाली. "तुझी असेल."

"तुझीही असेल," धाकटी म्हणाली.

मधले काही दिवस त्या खुर्चीवर गिऱ्हाइकं बसली. गिऱ्हाइकं तरी कुठली, चौकशी करणारे. मशीन बंद, कामं बाजूच्या गल्लीत गेलेली. कुणी विचारलं, कधी सुरू होणार, तर दोघी एकमेकींकडे बघायच्या. "तू सांग." "नाही, तू." एकदा धाकटीने धीर करून खुर्चीवर बसून पाहिलं. तेवढ्यात घरमालक आला आणि त्याने भिंतीच्या ओलीचं काय करायचं ते विचारलं. धाकटी पाच मिनिटं भिंतीकडे बघत राहिली, मग उठून स्टुलावर गेली. संध्याकाळी मला म्हणाली, "दादा, थोरलं असणं म्हणजे सारखं कुणीतरी काहीतरी विचारत असतं हो. मला वाटायचं, नुसतं बसायचं असतं."

थोरलीचं उलटं होतं. ती दिवसभर हातात झाडू धरून बसायची. चहावाल्याकडे जाऊन चहा सांगायची आणि परत येताना कुणाशी बोलायची नाही. एवढ्या वर्षांत किती वेळा "तू लहान आहेस" म्हटलं, याचा ती मनातल्या मनात हिशेब करत असावी, असं मला वाटायचं.

अधिकारी रोज यायचा. दाराशी उभा राहून अदबीने विचारायचा, "मूळ आलं का?" नाही म्हटलं की बाकावर बसायचा. वाट बघणं हाही त्याच्या कामाचाच भाग होता. एकदा तो मला हळूच म्हणाला, "घरी बायको म्हणते, तुम्ही पूर्वीचे राहिला नाहीत. मी तिला म्हटलं, तसं लेखी दे, मी पूर्वीच्याचा शोध घेतो. तेव्हापासून ती बोलत नाही." मी त्याला चहा पाजला.

एकोणिसाव्या दिवशी धाकटी उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, मूळ येणार नाही. जुना परवाना हिच्या नावावर चालू करा. मला वेगळा द्या. पूर्ण किमतीला. माझी पुंजी आहे."

अधिकाऱ्याला आनंद झाला, पण तो नियमाबाहेर गेला नाही. "जुना चालू होईल, प्रतीने स्वतःहून वेगळा परवाना घेतला की आमची हरकत नसते. पण हा चेहरा दिलेला आहे, मॅडम. तुम्हाला या परवान्यावर नसलेला चेहरा लागेल."

"तो कुठून आणू?"

त्याने यादी काढली. चार महिन्यांत कॅमेऱ्याने त्या तोंडावरचे एकतीस भाव टिपून परवान्यावर चढवले होते. वैताग, संशय, जांभई, शिंकेच्या आधीचं थांबणं, वकिलाचं अक्षर वाचतानाचं डोळे बारीक करणं. सगळं नोंदलेलं. बोट फिरवत तो तळाशी आला.

"मोठ्याने हसणं," तो म्हणाला. "हे शिल्लक आहे. या चेहऱ्यावर चार महिन्यांत एकदाही आढळलेलं नाही."

नवीन मशीन आणलं, माझ्या प्लायवूडला टेकून टेबल लावलं, धाकटी समोर बसली. अधिकारी म्हणाला, "हसा."

तिने ओठ ताणले. मशीन म्हणालं, "हे दात दाखवणं झालं. क्रमांक सतरा. नोंदलेलं आहे." तिने पुन्हा प्रयत्न केला. "हे दुखणं आहे. क्रमांक चार." मी एक विनोद सांगितला. मशीन म्हणालं, "सहनशीलता. क्रमांक अकरा." शेवटी अधिकाऱ्याने बॅगेतून पुस्तिका काढली, टाय सारखा केला आणि नियमाप्रमाणे हसून दाखवलं. "हा. हा. हा." तीनदा, मध्ये सारखं अंतर ठेवून. आम्ही सगळेच गंभीर झालो.

तास गेला. धाकटीचे गाल दुखायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. कोपऱ्यात स्टुलावर थोरली झाडू मांडीवर घेऊन बसली होती. ती उठली, पदराला हात पुसले, बहिणीजवळ आली आणि अगदी मनापासून म्हणाली:

"ताई, चहा सांगू का?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. झाडूकडे पाहिलं. आणि तिच्या पोटातून जे हसू फुटलं ते मी आजवर कुठल्याच भिंतीतून ऐकलं नव्हतं. ती वाकली, टेबल धरलं, चष्मा खाली पडला. माझ्या दुकानातले शिक्के थरथरले.

"चेहरा स्वीकारला," मशीन म्हणालं.

आता दोन्ही मशीन चालतात. एक दिवस ही ताई, एक दिवस ती, सम आणि विषम तारखांनी ठरलं आहे. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते तेव्हा एकीला लागोपाठ दोन दिवस थोरलेपण करावं लागतं, आणि त्यावरून भांडण होतं. दोघींनाही ते नको असतं.

खरी अडचण वेगळीच आहे. सुरक्षिततेसाठी मशीन दर पंधरा मिनिटांनी बंद होतं आणि चेहरा मागतं. म्हणजे धाकटीला दर पंधरा मिनिटांनी मोठ्याने हसावं लागतं. आणि आमच्या गल्लीत येणारी माणसं कशासाठी येतात? घटस्फोट, वाटणी, मृत्यूचे दाखले. पहिल्या आठवड्यात एक बाई सोडचिठ्ठीचा मसुदा तिथेच टाकून निघून गेली. एका गृहस्थांनी पोलिसांना बोलावलं. तेव्हापासून धाकटी काम हाती घेण्याआधी समजावून सांगते की माझा परवाना तसा आहे, आपल्या दुःखाचा अपमान नाही. लोक मान डोलावतात. परवान्यापुढे कुणाचं काही चालत नाही, हे त्यांना कोर्टात येऊन येऊन कळलेलं असतं.

दुसरी अडचण थोरलीची. ते हसू ऐकून तिलाही हसू येतं, आणि ती हसली की तिचं मशीन म्हणतं, "अनोळखी व्यक्ती." मग अर्धा तास कुलूप.

परवा एक म्हातारे गृहस्थ आले. बायको गेल्याचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. धाकटीने त्यांनाही समजावलं, मग चेहरा मशीनकडे वळवून हसली आणि मशीन उघडलं. ते टोपी हातात धरून ऐकत बसले. छोटंसं काम, दहा मिनिटांत झालं. तिने कागद काढून त्यांच्या हातात दिला, त्यांनी पैसे दिले, घडी घालून कागद खिशात ठेवला. पण उठेनात.

"झालं की काम, आजोबा," धाकटी म्हणाली. "आणखी काही करायचंय का?"

"नाही," ते म्हणाले. "पण पंधरा मिनिटं व्हायचीत ना अजून?"

थोरलीने मुकाट्याने आपलं काम सेव्ह केलं आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसली.